कोरडी सुरी

तुमच्या-माझ्या चेहऱ्यावर नाक असतं. नाकोबाच्या नाकामागे थोडासा चेहरा होता. तो घरात शिरायच्या आधी नाक आत येऊन खोलीची पाहणी करून जातं, असं त्याची बायको म्हणायची, आणि छत्तीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याच्या नाकाबद्दल जे म्हणते ते खरं मानायला हरकत नसावी.

पण हे नाक शोभेचं नव्हतं, कमावतं होतं. नाकोबाचा धंदा मेंढ्यांची खुरं कापण्याचा. खूर म्हणजे मेंढीचं नखच. ते वाढतं, वळतं, पोटात माती धरून ठेवतं. तरुण मेंढी दगडधोंड्यांवरून उड्या मारत हिंडते, तिचं खूर आपोआप झिजतं. म्हातारीचं तसं नाही. ती आपल्यासारखीच, एका जागी उभी राहून खाणारी आणि उगाच हालचाल कशाला करायची या मताची. तिचं खूर जुन्या चपलेच्या टाचेसारखं एका बाजूला कलतं आणि त्याच्याखाली ओल साचून राहते. त्या ओलीत खूरसड धरते. दोन नख्यांच्या बेचक्यातून ती सुरू होते, टणक खुराच्या खाली शिरते आणि आतल्या आत ते मांसापासून सोडवत जाते. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. मेंढी एक पाय उचलून तीन पायांवर उभी राहिली की समजायचं, बराच उशीर झालाय. आणि एकीला झाली की चिखलातून, एकाच सुरीतून, ती अख्ख्या कळपाला होते.

मात्र खूरसडीला वास असतो. कुजका, किंचित गोडसर, एकदा आला की दिवसभर घशात बसून राहणारा. इतरांना तो खूर कापल्यावर यायचा. नाकोबाला मेंढी अजून रांगेत उभी असतानाच यायचा. "ती तिसरी. मागचा डावा," असं तो खाली मान घालून सांगायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. मालक मागचा डावा उचलून बघायचा आणि नाकोबाला आणखी एक चहा मिळायचा.

त्याच्या बापाने त्याला एकच नियम शिकवला होता. शेजारी औषधाची बादली ठेवायची. वास आला की सुरी बादलीत बुडवायची, शंभर आकडे मोजायचे, ती मेंढी बाजूला काढायची. वास नसेल तर सुरी मांडीवर पुसायची आणि पुढची घ्यायची. बापाच्या काळी औषध लांबून आणावं लागायचं, तेव्हा ते जपून वापरायची ही युक्ती होती. पण पस्तीस वर्षांत त्या युक्तीचा कायदा झाला. नाकोबाची सुरी बादलीत गेली, की तो कळप त्या मोसमात सामाईक कुरणावर यायचा नाही आणि त्यातली मेंढी कुणी दारात उभी करायची नाही. सुरी कोरडी राहिली, की कळप निर्मळ. पुढे कुणी काही विचारायचं नाही. जनावरांच्या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की वास येवो न येवो, दर मेंढीनंतर सुरी बुडवावी. त्यावर नाकोबाने सगळ्यांसमोर मोठ्या प्रेमाने विचारलं होतं, की बाई, तुम्ही गावातल्या प्रत्येकाला तापाची गोळी देता का? लोक हसले. बाईसुद्धा हसल्या. पण त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि ते हसण्यासारखं असावं असं वाटलं नाही.

या वर्षी थंडी संपता संपता नाकोबाला जबरदस्त सर्दी झाली. तीन आठवडे तो अंथरुणात शिंकत होता. सर्दी गेली. जाताना वास घेऊन गेली. नाक होतं तिथेच होतं, तेवढंच मोठं, पण आता त्यात कुणी राहत नव्हतं. चहाला चव नाही, साबणाला वास नाही. येईल परत, असं म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही.

बायकोला कळलं ते असं. ती बहिणीकडे आठ दिवस राहून आली, दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकली. स्वयंपाकघरातल्या कपाटामागे उंदीर मेला होता. एकंदर अवस्था बघता त्याला जाऊन चार-पाच दिवस झाले असावेत. नाकोबा त्याच कपाटाला पाठ टेकून चहा पीत पेपर वाचत होता. "आलीस? प्रवास बरा झाला ना?" असं त्याने प्रेमाने विचारलं.

तिने उंदीर बाहेर टाकला, खिडक्या उघडल्या, फरशी पुसली आणि फिनेलची बाटली बूच काढून त्याच्या नाकाखाली धरली. "ओळखा," ती म्हणाली.

नाकोबाने मन लावून हुंगलं. "पाणी?"

ती खाली बसली. सोमवारपासून त्याची वर्षाची फेरी सुरू होणार होती. पाच कळप आणि सगळ्यात शेवटी त्याच्या थोरल्या बहिणीचा. बायको म्हणाली, आता त्या डॉक्टरीणबाई सांगतात तसं करा, दर मेंढीनंतर बुडवा. नाकोबाने तिला समजावून सांगितलं, की पहिल्याच मेंढीला सुरी बादलीत गेली तर मालक मटकन खाली बसेल, दुपारपर्यंत कुरण बंद होईल, आणि काही नसताना बुडवतोय असं म्हटलं तर पस्तीस वर्षांनी आजच का, हे विचारायला कुणी विसरणार नाही. मग खरं सांगून टाका, ती म्हणाली. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. खुरं कापणारे दहा मिळतात, त्याला बोलावतात ते नाकासाठी, तेच गेलं म्हणून सांगायचं तर घरी बसून काय फरशी पुसायची? डोळे आहेत की अजून, डोळ्यांनी बघेन.

हे डोळ्यांचं सांगणारा माणूस गेल्या वर्षी लागलेला चष्मा रोज घरी विसरून जायचा.

"आणि वन्संकडे?" बायकोने विचारलं.

नाकोबाने पेपर उघडून तोंडासमोर धरला.

या ताईविषयी सांगायला हवं. नाकोबापेक्षा सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा याला तिनेच वाढवलं, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या या भावाला ती अजून 'धाकट्या' म्हणते. तिच्याकडे अठरा मेंढ्या होत्या, सगळ्या म्हाताऱ्या. दात पडले, कोकरं होईनात, लोकर विरळ झाली, की मालक मेंढीकडे ज्या नजरेने बघायला लागतात ती नजर ताईला लांबून कळायची. ती जाऊन मेंढी घेऊन यायची. लोक तिच्या शेडला वृद्धाश्रम म्हणायचे आणि तिला अधीक्षक. ताईला त्याचं काही वाटत नसे. तिने एकेकीला पदं देऊन ठेवली होती. सगळ्यांच्या पुढे चालून मागे वळून बघणारी ती हेडबाई. उगाच इकडून तिकडे फिरणारी पोस्टमास्तरीण. दिवसभर एकमेकींना डोकी मारणाऱ्या आणि झोपताना एकमेकींना चिकटून झोपणाऱ्या त्या दोघी जावा. यांचे गुडघे गेले होते, दात गेले होते, एकीचे डोळे गेले होते. उरले होते पाय. डॉक्टरीणबाईंनी ताईला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की या वयात खूरसड सांध्यापर्यंत गेली तर उपचाराचे हाल करू नका, सुई देऊन कायमचं झोपवणंच बरं. ताईने ते उभ्याने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. हे नाकोबाला ठाऊक होतं.

पहिला कळप सुताराचा. सुतार पंचवीस मेंढ्या हौसेने पाळायचा आणि त्या मेंढ्यांना कपाटं बनवायच्या लाकडाइतकंच निरखून बघायचा. नाकोबाने सवयीप्रमाणे रांगेवरून नाक फिरवलं, मान डोलावली आणि कामाला बसला. तरण्या मेंढीला तो पार्श्वभागावर टेकवून बसवतो, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून. चारी पाय वर करून ती आरामखुर्चीत बसलेल्या पाहुणीसारखी गप्प राहते. म्हातारीला असं बसवलं तर तिचं कंबरडं दुखतं, म्हणून तिला उभी ठेवून एकेक पाय वाकवून घ्यायचा. बारावी मेंढी अशीच म्हातारी होती, एक कान फाटलेली. मागच्या पायाचं खूर कललं होतं आणि त्याच्या कडेखाली काहीतरी मऊ, राखाडी होतं. गाळ असेल. नाकोबाने डोळे बारीक केले. चष्मा घरी होता. त्याने बादलीकडे पाहिलं. सुतारही बादलीकडेच बघत होता. बोलणं थांबवून बघत होता.

नाकोबाने कडेकडेने थोडंसं कापलं, खोल गेला नाही, आणि सुरी मांडीवर पुसली. सुताराने श्वास सोडला. मग तो मोकळेपणाने बोलायला लागला. म्हणाला, ही फाटक्या कानाची आता काही कामाची नाही, काढूनच टाकायचीय. आणि नाकोबाही, सुटकेच्या आनंदात माणूस जसा उदार होतो तसा उदार होऊन म्हणाला, "ताईला विचार की. तिला अठरा तशा एकोणीस."

मग दुसरा कळप, तिसरा, चौथा, पाचवा. त्या दोन आठवड्यांत नाकोबा इतकं बोलायचा की मालक चक्रावून जायचे. हात चालायचा, तोंड चालायचं, सुरी मांडीवर पुसली जायची, बादलीतलं औषध सकाळी ओतलेलं तसंच संध्याकाळी नालीत जायचं. घरी आला की तो न जेवता हात धूत बसायचा. चौथ्या कळपाच्या दिवशी सुताराचा फोन आला, की दोघी जरा लंगडतायत, वाटेवर खडी टाकलीय ती टोचली असणार. नाकोबा म्हणाला, खडीच असणार. सुतार म्हणाला, हो, नाहीतर तुला कळलंच असतं. नाकोबाने फोन ठेवला. बायकोने विचारलं, कुणाचा होता. "सुताराचा. खडी टाकलीय म्हणे वाटेवर," तो म्हणाला. यात कुणाला फोन करण्यासारखं काय आहे, हे तिने विचारलं नाही.

ताईकडे जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने सुरी काढली, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि सुरी उकळायला टाकली. बूट घासले, पँट धुतली, चष्मा आठवणीने खिशात ठेवला. बायको ओट्याशी उभी राहून पातेल्यातल्या उड्या मारणाऱ्या सुरीकडे बघत होती.

"मग त्या पाच जणांकडे का नाही उकळली?" ती म्हणाली.

त्याने गॅस बारीक केला.

ताईची शेड लांबट, एका बाजूला खिडक्या, खाली सिमेंट, त्यावर पेंढा. सकाळी दार उघडलं की मेंढ्यांच्या आधी उन्हाचा पट्टा आत शिरायचा. ताईने बादली भरून ठेवली होती, शेजारी भावासाठी स्टूल, स्टुलावर उशी. नाकोबाला बघताच हेडबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाठ फिरवली. ताई म्हणाली, तुझ्या वजनाचं तिला काहीतरी वाटलेलं दिसतंय, आणि चहा टाकायला घरात गेली. जाता जाता सांगून गेली, की एक नवीन आलीय, सुताराकडची, गेल्या गुरुवारी. त्याने आपण होऊन आणून सोडली. "मी त्याला म्हटलं, धाकट्याची सुरी कोरडी होती ना? मग डोळे मिटून आत घेते."

नाकोबाने पहिल्या तिघींची खुरं कापली. अगदी जपून, चष्मा लावून. सगळी स्वच्छ होती. प्रत्येक वेळी त्याला थोडं बरं वाटत होतं आणि प्रत्येक वेळी तो कोपऱ्यातल्या नव्या मेंढीकडे बघायचं टाळत होता. चौथी आपणहून पुढे आली. कान फाटलेला.

त्याने मागचा पाय वाकवून घेतला. या वेळी चष्मा होता. त्याने सुरीचं टोक कललेल्या कडेखाली घातलं आणि ते आत गेलं. जितकं जायला हवं त्याच्या दुप्पट आत गेलं, काही न लागता. खुराची अख्खी बाजू पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी उघडली. आत राखाडी, ओलं. नाकोबाने नाक जवळ नेलं. काही नाही. मोकळी हवा. क्षणभर त्याच्या नाकाने त्याला सांगितलं की सगळं ठीक आहे, आणि पस्तीस वर्षांची सवय अशी, की क्षणभर त्याचा विश्वासही बसला.

"झालं का रे चार?" ताईने घरातून विचारलं.

"चौथी चाललीय."

बादली हाताच्या अंतरावर होती. हात पुढे केला असता तर झालं असतं. पण सुरी ओली झाली की ताई विचारणार, अरे, हिला तर तूच पास केलीस. मग सुतार. मग बाकीचे चौघे. नाकोबाने खूर बोटांनी दाबून मिटवलं, पाय खाली ठेवला आणि सुरी धुतलेल्या पँटवर पुसली.

पाचवी जाऊ, सहावी दुसरी जाऊ. सातवी पोस्टमास्तरीण, ती उभी राहीना. आठवी आंधळी. नववी हेडबाई. तिने पाय असा दिला, की जणू सही करून देतेय. नाकोबाचा हात थांबत नव्हता. थांबला असता तर विचार करावा लागला असता. अकरावीचं खूर त्याच्या हातात असताना ताई चहाचे कप घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

तिच्या नाकपुड्या हलल्या. तिने कप खिडकीत ठेवले आणि ती शेडमधून एकेकीजवळ थांबत चालत गेली, फाटक्या कानाच्या मेंढीपाशी खाली बसली. पाय उचलला, मिटवलेली कड अंगठ्याने उघडली, तोंड बाजूला केलं. मग ती उठून बादलीपाशी आली. बादलीत पेंढ्याची एक काडी तरंगत होती. ती सकाळी भरताना पडली होती. ताईला आठवत होतं, काढायची राहून गेली होती. काडी होती तशीच होती, पाण्याच्या मधोमध, जराही न हललेली.

"धाकट्या," ती म्हणाली, "ही कितवी होती?"

"चौथी."

"आणि तुला वास आला नाही."

नाकोबाने अकरावीचा पाय खाली ठेवला. "मला कसलाच वास येत नाही, ताई. सर्दीपासून."

ताईने बोटांवर मोजलं. पाच, सहा, सात. अकरापर्यंत येऊन बोटं थांबली. खिडकीतला चहा निवत होता. हेडबाई मागे वळून दोघांकडे बघत होती. ताई ओरडली असती तर नाकोबाला बरं वाटलं असतं. लहानपणी ती ओरडायची तेव्हा लवकर संपायचं.

"या फेरीत कुणाकुणाकडे गेलास?" तिने विचारलं. त्याने पाचही सांगितले. ती त्याला घरात घेऊन गेली आणि फोनसमोर बसवलं. ज्या क्रमाने गेलास त्या क्रमाने, ती म्हणाली. नाकोबाने पाच फोन केले. सुतार म्हणाला, आता दोन नाहीत, सहा आहेत, मी खडी उचलायला माणसं लावली होती. दुसऱ्याने आणि तिसऱ्याने फोन ठेवून दिला. चौथ्याने शेडमध्ये जाऊन बघून येतो म्हटलं आणि परत आलाच नाही. पाचव्याला ती थट्टाच वाटली. तो पोट धरून हसला, म्हणाला, नाकोबा आणि वास येत नाही! नाकोबाला ते तीन वेळा सांगावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी पलीकडचं हसणं हळूहळू कमी होत गेलं, नळ बंद करताना होतं तसं.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. जुनी वही त्यांनी उघडली नाही, हे त्यांचं मोठेपण. फाटक्या कानाच्या मेंढीचा सांधा सुजून गरम झाला होता. तिला त्यांनी तिथेच झोपवलं. ताई तिचं डोकं धरून बसली होती. उरलेल्या अठरा जणींना औषधाच्या हौदात उभं केलं, कोरड्या फरशीवर ठेवलं, सुया टोचल्या. आता वाट बघायची, बाई म्हणाल्या. पहिल्या तिघी पेंढ्यातून चालल्यात, पुढच्या सात जणींना तर सुरीच लागलीय. दहा-बारा दिवसांत कळेल. आणि म्हाताऱ्यांना ताकद कमी असते.

नाकोबा घरी गेला नाही. ताई त्याच्याशी कामापुरतं बोलायची: पेंढा बदल, हौद भर, मागची खिडकी उघड. रोज सकाळी त्या एकेक करून बाहेर यायच्या आणि दोघं दाराच्या दोन बाजूंना उभी राहायची. डोळ्यांवर नाकोबाचा आता भरवसा नव्हता. तो कान देऊन ऐकायचा. सिमेंटवर चार ठोके पडले की मेंढी बरी. ठक ठक, ठक ठक. अठरा वेळा चार-चार ठोके पडले की ताई आत चहा टाकायला जायची. दहाव्या दिवशी तिने दोन कप टाकले.

बाराव्या दिवशी सकाळी दार उघडलं. उन्हाचा पट्टा आत गेला. हेडबाई बाहेर आली, चार ठोके, दोघांकडे न बघता. मागोमाग तिघी, चार-चार ठोके. नाकोबाने श्वास धरला होता तो सोडला. पाचवी थोरली जाऊ. ठक ठक, ठक. मग थांबणं. मग पुन्हा ठक ठक, ठक. तिच्या मागे धाकटी जाऊ उंबऱ्यातच अडून उभी राहिली, पाय टाकावा की नाही याचा विचार करत.

ताईने बादली पायाने नाकोबाच्या दिशेने सरकवली. औषध हिंदकळलं. त्याने खिशातून सुरी काढली, काही न विचारता पाण्यात घातली आणि मोठ्याने आकडे मोजायला लागला, बापाने शिकवले तसे. सतरा, अठरा, एकोणीस.

आत अजून बारा जणी होत्या.